गाईचा डोस

आमच्या गाईला जंत झाले आणि औषध मी पाजायचं ठरवलं. यातली पहिली गोष्ट कुणाच्याच हातात नव्हती. दुसरी मात्र पूर्णपणे माझ्या हातात होती. (माझ्या हातात काही देऊ नये, असं बायको म्हणते ते उगाच नाही.)

गाय बायकोची लाडकी. महिनाभर ती खंगत चालली होती. चारा खायची, पण अंगी लागेना. केस राठ झाले, शेण पातळ, दूध निम्म्यावर आलं. बायकोचं कशातच लक्ष लागेना. (माझ्यात तर पूर्वीपासूनच नव्हतं.) गुरांच्या डॉक्टरांनी शेण तपासलं, त्यात जंतांची अंडी सापडली. औषधाची बाटली देऊन ते म्हणाले, "संध्याकाळी येऊन मीच पाजतो."

"एवढ्यासाठी तुम्ही कशाला?" मी म्हणालो. "मी हापिसात साहेबांच्या गळी रजेचे अर्ज उतरवतो. गाईच्या गळी औषध उतरवायला कितीसा वेळ लागणार!"

दुपारी बायकोनं गाईची मान धरली, मी बाटली. गाय दात आवळून उभी. तिला नीट कळावं म्हणून मीच मोठा 'आ' करून दाखवला. तिनं तोंड किंचित उघडलं, मी घाईघाईनं बाटली उपडी केली. तिला ठसका लागला आणि औषधाची पिचकारी थेट माझ्या 'आ'मध्ये!

मी गिळलं. (समोर आलेलं मुकाट्यानं गिळायचं, ही लग्नानंतरची सवय.) दचकल्यानं बाटली हातातून सुटली आणि उरलेलं औषध गोठ्याच्या जमिनीनं प्यायलं.

बायकोनं घाबरून डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, घोटाळा झाला! औषध भलतीकडेच गेलं!"

"श्वास नीट चाललाय ना?"

"हो. पण डोळे फिरताहेत."

"कान गार आहेत का?"

तिनं माझे कान चाचपले. "गरम आहेत."

"मग घाबरू नका. रवंथ चालू आहे?"

"तोंड तर सारखं चालूच आहे."

"छान. गाभण आहे का?"

बायकोची नजर माझ्या पोटावर गेली आणि तिथं क्षणभर रेंगाळली. "अहो डॉक्टर, नवरा आहे तो माझा!"

पलीकडून काळजीचा आवाज आला, "म्हणजे गाईला डोस मिळालाच नाही? अरेरे!"

मला त्यांनी माणसांच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी तपासलं, घोटभरानं काही होत नाही म्हणाले आणि हसू दाबत मला बाहेर सोडलं.

संध्याकाळी गुरांचे डॉक्टर नवी बाटली घेऊन आले. गाईची मान जराशी वर केली, ओठाच्या कडेनं थोडंथोडं औषध सोडलं. तिनं हूं की चूं केलं नाही. वर त्यांचा हात चाटला!

तीन आठवड्यांनी ते पुन्हा आले, तेव्हा गाईच्या अंगावर तकाकी होती. बादली भरून दूध निघत होतं. तिच्या गळ्यात हात टाकून बायको डोळे पुसत होती. मलाही बरं वाटलं. डॉक्टरांनी त्यांची वही काढली आणि लिहिलं : जंतांचं औषध दिलेली जनावरं, दोन.

"डॉक्टर," मी खाकरलो, "आमच्याकडे गाय एकच आहे."

"राहू द्या हो डॉक्टर, बरोबर आहे," बायको म्हणाली. "फक्त दुसऱ्यापुढे लिहा, दूध देत नाही."