रिकाम्या खुर्चीला शरणार्थ

वीरभद्रआप्पा कुणाच्याही घरात शिरले की जिवंत माणसांकडं नंतर बघतात. आधी दारातच थांबून खोलीभर नजर फिरवतात, मग एखाद्या रिकाम्या खुर्चीपुढं जाऊन हात जोडतात. “शरणार्थ. बसा बसा, उठू नगा,” म्हणतात; शरणार्थ म्हणजे त्यांच्यातला नमस्कार. मग आपल्याकडं वळून, “हां, आता चहा टाका.”

मोंढ्यातलं धान्याचं आडत दुकान पुतण्याकडं सोपवून ते आणि महानंदाकाकू धाराशिवला आमच्या समोर राहायला आले, तेव्हा माझ्या सासूबाईंना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांची वेताची खुर्ची मी केव्हाच भंगारात दिली होती. मी वस्तू साठवत नाही. आप्पा पहिल्यांदा घरी आले ते सरळ खिडकीजवळच्या मोकळ्या फरशीपुढं जाऊन उभे राहिले.

“शरणार्थ, आई. बसा बसा, उठू नगा.”

खुर्ची तिथंच असायची. माझ्या नवऱ्याच्या हातातला पेपर खाली पडला. मी चहा केला, पण त्यात चहापत्ती घालायची राहिली.

पुढं एकदा मी त्यांना सरळ विचारलं. ते म्हणाले, “आम्हा लिंगायतांत माणसाला बसवून माती देत्यात, ताई. तुमच्यात माणूस आडवा जातो, झोपला की संपलं. आमचा बसलेला असतोय. बसलेल्या माणसाला जागा लागती.”

“पण माझ्या सासूबाई लिंगायत नव्हत्या.”

“मग शेजाऱ्यांचं बघून शिकल्या असत्याल.”

काकू आपला बिनसाखरेचा चहा हातात धरून त्यांना कोपरानं ढोसायच्या. “अवो, जित्यांना विचारा की आधी, बरं हाय का म्हणून!” गल्लीतल्या एका घरानं तर आप्पा येणार म्हणून सगळ्या खुर्च्या गच्चीवर नेऊन ठेवल्या आणि सतरंजी अंथरली. आप्पांनी सतरंजीच्या डाव्या कोपऱ्याला शरणार्थ घातलं. त्या घरात त्या दिवशी कुणी नीट जेवलं नाही.

मी यात्रा काढते. काशी, रामेश्वर झालं, मग तीन वर्षांपूर्वी मॉरिशसची काढली. तिथं पिढ्यांपूर्वी ऊसतोडीला गेलेली मराठी घरं आहेत. देवळं त्यांनीच बांधलेली, आणि आपली माणसं आली की घरी उतरवून घेतात. सगळ्यात आधी नाव काकूंनी घातलं. “समुद्राच्या मधी महादेव म्हंजी बघायलाच पायजे,” म्हणाल्या. दोघांचे पासपोर्ट आले. निघायच्या आठवडाभर आधी काकू गेल्या. आप्पांनी दोन्ही नावं काढायला लावली.

यंदा मी पुन्हा मॉरिशसची यात्रा काढली, तेव्हा ते एकटेच पासपोर्ट घेऊन आले. “माझं नाव घाला,” म्हणाले. मी कारण विचारलं नाही, लसीकरणाचे कागद मागितले.

मॉरिशसला पहिल्याच घरात आप्पांनी टीव्हीशेजारच्या आरामखुर्चीला हात जोडले. “शरणार्थ. बसा बसा.” यजमानीण हातातलं ताट घेऊन तशीच उभी राहिली. तिचे सासरे दोन महिन्यांपूर्वी गेले होते, आणि ती खुर्ची त्यांची होती. दुसऱ्या घरात आप्पा जिन्याच्या तिसऱ्या पायरीपुढं थांबले. घरातली चार माणसं एकमेकांकडं बघायला लागली. थोरला भाऊ त्या पायरीवर बसून सिगारेट ओढायचा, असं मला नंतर धाकट्यानं सांगितलं, तेही अंगणात नेऊन, हळू आवाजात.

आमच्या गटात धाराशिवजवळच्या वाशीच्या शकूमावशी होत्या. त्यांनी बसमध्ये चढायलाच नकार दिला. “मला आप्पांच्या गाडीत नका बसवू. माझ्या शेजारची सीट रिकामी हाय आन् ते सारखं तिकडंच बघायलेत.”

मी त्या सीटवर दोन पिशव्या ठेवल्या. मावशींनी पिशव्यांकडंही बघायचं सोडलं.

तिसऱ्या दिवसापर्यंत बेटभर बातमी पसरली. मला फोन यायला लागले. आमच्याकडं कधी आणता? आजोबा कुठं बसलेत एवढं विचारायचंय. देवळांचं वेळापत्रक बाजूला राहिलं. डोंगरातल्या मोठ्या तळ्याकाठी शंकराचं देऊळ आहे, त्यासाठी लोक कुठून कुठून चालत येतात. आप्पांनी तिथं पिंडीला मिनिटभर हात जोडले आणि बाहेर येऊन काठावरची बाकडी बघत फिरले. एकेक बाकडं. धुकं इतकं होतं, की पाचसहा पावलांवर ते दिसेनासे व्हायचे आणि पुढच्या बाकड्यापाशी पुन्हा दिसायचे. एकाही बाकड्याला त्यांनी हात जोडले नाहीत.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हा माणूस देव बघायला आलेला नाही. काकूंना यायचं होतं, म्हणून त्या इथं येऊन बसल्या आहेत का, हे तो बघतोय. मला ते आवडलं नाही. मी शिट्टी वाजवून सगळ्यांना बसमध्ये घातलं.

शेवटचं घर देवकीबाईंचं. सत्तरीच्या, ताठ बसणाऱ्या. मराठी शाळेत शिकलेल्या, त्यामुळं धड्यातल्यासारखं बोलायच्या. दुपारचं जेवण झाल्यावर बाकी मंडळी समुद्रावर गेली. आप्पांना त्यांनी थांबवून घेतलं आणि मी आप्पांसाठी थांबले.

“माझे यजमान कोठे बसले आहेत ते मला सांगा,” त्या म्हणाल्या.

आप्पांनी खोलीभर नजर फिरवली. नवीन सोफा, नवीन टेबल, सहा सारख्या खुर्च्या. ते पुन्हा दारापासून बघत आले.

“इथं कुणी न्हाय,” आप्पा म्हणाले.

“पुन्हा पाहा.”

“न्हाय वो, आक्का.”

“ते गेले त्याच दिवशी मुलाने त्यांचे सगळे सामान काढून टाकले,” देवकीबाई म्हणाल्या. “मी काही बोलले नाही. आता ते कोठे बसतील? तुम्हाला सगळ्यांचे दिसतात. माझे का दिसत नाहीत?” आवाज तोच, धड्यातला.

आप्पा खुर्चीवर बसले. त्यांना कुणाच्या घरात असं मट्‌कन बसताना मी पाहिलं नव्हतं.

“मला कुणीच दिसत न्हाय,” ते म्हणाले. “कदीच दिसलं न्हाय. घरातली माणसं एका जागेवर बसत न्हाईत. चालताना तिला वळसा घालत्यात. त्यांना सोताला ठाव नसतं. म्या ते बघतो आन् त्या जागेला शरणार्थ घालतो, एवढंच.”

मला आमच्या खिडकीजवळची फरशी आठवली. रोज केर काढताना मी तिच्या कडेनं जाते.

“मग तुमच्या घरी?” देवकीबाईंनी विचारलं.

“माज्या घरात वळसा घालायला दुसरं कोण हाय, आक्का? म्या एकटाच. तीन वर्सं झाली. ती कुठं बसली असंल, कळंना.”

देवकीबाई उठल्या. टेबलाजवळच्या दोन खुर्च्या ओढत आणून त्यांनी आप्पांच्या समोर मांडल्या. स्वतः त्या खुर्च्यांच्या मागून, भिंतीला घासून फिरल्या आणि सोफ्याच्या टोकाला बसल्या.

“आता आपण दोघे आहोत,” त्या म्हणाल्या. “दोन माणसे पुरतात का?”

आप्पांनी खुर्च्यांकडं बघितलं. त्यांनी हात जोडले नाहीत. नुसते बघत राहिले, अनोळखी घरात आल्यासारखे, आणि मला त्या खोलीतून बाहेर जावंसं वाटायला लागलं. तेवढ्यात ते माझ्याकडं न वळता म्हणाले, “ताई, आत पाच चहा सांगा. एक बिनसाखरेचा.”

मी स्वयंपाकघरात गेले. देवकीबाईंची सून कप काढत होती. “बिना चीनी का किसके लिए?” तिनं हिंदीत विचारलं.

“आमच्या काकूंना,” मी म्हटलं. “आणि चांगला कढत असू दे. कोमट चहा त्या परत पाठवतात.”