तीन लाखांचा मुळा

"आता मला कुणी गंडवून दाखवावंच!" असं मी बायकोला ठणकावून सांगितलं, तेव्हा ती तव्यावरचा मासा उलटत होती. तिनं मासा उलटला. माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तिचंही चुकत नव्हतं म्हणा. छापखान्यातली बारा वर्षांची नोकरी सोडून मी स्वतंत्र चित्रकार झालो, त्याला दीड वर्ष झालं होतं. त्या दीड वर्षात मला चित्रांच्या बदल्यात काय काय मिळालं होतं? एक पोतं तांदूळ. अर्धी पेटी संत्री (उरलेली अर्धी गिऱ्हाइकानं माझ्यासमोरच खाल्ली). आणि "तुमचं नाव होईल हो!" हे वाक्य निदान तीस वेळा. नाव झालं नाहीच, उलट घरमालकीण आता मला नावानं ओळखत होती. नाव होणं ते एवढंच! शेवटी चिझुरूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, मार्चपर्यंतची मुदत दिली. नाही जमलं तर परत छापखाना.

म्हणून मी शहरात जाऊन एक दिवसाचा वर्ग केला. 'कलावंतांसाठी व्यवहार'! फी बारा हजार येन. शिकवणाऱ्या बाईंचा चष्मा असा होता की त्यांनी नुसतं पाहिलं तरी माणूस उधारी फेडेल. त्या म्हणाल्या, "दर सांगा आणि तोंड बंद ठेवा! जो आधी बोलतो तो हरतो!" मी ते वहीत लिहून खाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्याच आठवड्यात ओनिझावा आजोबा घरी आले. आमच्या गावात हिनोकुची नावाची जुनी बाजारपेठ आहे. एकोणीस दुकानं, वर पत्र्याचं छप्पर, आणि ओनिझावा तिचे अध्यक्ष. वय एकाहत्तर. त्यांचं लोणच्याचं दुकान आहे. खारवलेला मुळा ही त्यांची खासियत, आणि तो वास त्यांच्या आधी दोन मिनिटं दारात पोचतो.

"सेन्सेई," ते म्हणाले. जपानात शिक्षकाला, डॉक्टरला आणि ज्याच्याकडून काम स्वस्तात करून घ्यायचंय अशा प्रत्येकाला सेन्सेई म्हणतात. "बाजारपेठेची खूण म्हणून एक बाहुला काढून हवाय. मुळ्याचा. हसरा. पोरांना आवडेल असा. कितीपर्यंत होईल?"

"तीन लाख येन!" मी म्हणालो आणि तोंड मिटलं.

खरं सांगतो, मी दीड लाखावर यायला तयार होतो. एक लाखावरही. पण बाईंचा चष्मा डोळ्यांसमोर होता. ओनिझावा गप्प. मी गप्प. चहा निवला. भिंतीवरचं घड्याळ टकटक करत होतं. म्हाताऱ्या माणसांना गप्प बसायची केवढी सवय असते! सात मिनिटं गेली. त्यांचे डोळे मिटले. झोपले की काय? का गेलेच? मी हलवून बघणार, एवढ्यात ते म्हणाले, "बरं. तीन लाख."

मी स्वयंपाकघरात जाऊन चिझुरूला मिठी मारली. तिच्या हातात सुरी होती, तरी मारली!

मग मी नऊ कलमांचा करारनामा काढला. कायमचा पत्ता म्हणून वडिलांचा अकिताचा पत्ता घातला. सातव्या कलमाचा तर मला विशेष अभिमान होता: चित्र ठरल्याखेरीज आणखी कशावर वापरलं, तर दर वेळी तीस हजार जादा. ओनिझावांनी प्रत्येक पानावर शिक्का मारला आणि म्हणाले, "फार व्यवहारी आहात हो तुम्ही!" या आनंदात अर्धे पैसे आगाऊ मागायचे राहिलेच. होतं असं.

मुळा काढायला चार दिवस लागले आणि सुधारायला सात आठवडे. करारात 'दोनच वेळा बदल' असं लिहिलं होतं. ओनिझावांनी सगळ्या दुकानदारांच्या सूचना गोळा केल्या आणि त्याला 'पहिला बदल' म्हटलं! टोपीवाल्याला मुळ्याच्या डोक्यावर टोपी हवी. छत्रीवाल्याला हातात छत्री. श्रवणयंत्रवाल्याला कानात यंत्र. "मुळ्याला कान कुठे असतात?" मी विचारलं. "मग काढा की," ते म्हणाले. शेवटी तो मुळा गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्यासारखा दिसायला लागला. पण सगळ्यांना आवडला.

मुळ्याच्या अनावरणाच्या समारंभात मला जाडजूड पाकीट मिळालं. मी दोन्ही हातांनी घेतलं, कमरेत वाकलो, आणि घरी येईपर्यंत ते छातीशी धरून चाललो. चिझुरूसमोर टेबलावर ऐटीत उपडं केलं.

सहाशे कूपनं पडली.

प्रत्येकी पाचशे येन. 'फक्त हिनोकुची बाजारपेठेत चालेल. सुटे पैसे परत मिळणार नाहीत. मुदत सप्टेंबरअखेर.' चिझुरूनं एक उचलून दिव्यासमोर धरलं.

"हिदे, हे पैसे आहेत की पत्ते?"

"काहीतरी चूक झालीय," मी म्हणालो. "मी आत्ता जाऊन येतो!"

ओनिझावा मुळे धूत होते. त्यांनी हात पुसले, करारनामा आणला आणि चौथ्या कलमावर बोट ठेवलं. "मोबदला तीन लाख येन. तीन लाखांचीच आहेत ना? मोजली का?"

"मोजली, पण..."

"रोख असं कुठे लिहिलंय? आमचे सगळेच व्यवहार कूपनांत चालतात, सेन्सेई. बँडवाले पण कूपनंच घेतात."

मी हताशपणे हातातल्या कूपनाकडे पाहिलं, आणि थबकलो. कूपनावर कोपऱ्यात कोण हसत होतं? माझा मुळा! टोपीसकट, छत्रीसकट!

"सातवं कलम!" मी ओरडलो. शेजारचा टोफूवाला बाहेर आला. "कूपनावर छापायचं ठरलं नव्हतं! तीस हजार जादा!"

ओनिझावांचा चेहरा पडला. ते आत गेले. खजिनदार फुकात्सुबाईंना फोन झाला. बाहेर येऊन ते इतके वाकले की मला त्यांच्या एप्रनची पाठीवरची गाठ दिसली. "अक्षम्य चूक झाली. आत्ताच्या आत्ता भरपाई करतो." आणि मला तीस हजार दिले.

साठ कूपनं!

आता माझ्याकडे सहाशे साठ झाली. घरभाडं अठ्ठावन्न हजार, महिनाअखेरीला. घरमालकिणीला मी कूपनं देऊ केली. ती म्हणाली, "मला रक्तदाब आहे, लोणचं बंद आहे," आणि दार लावून घेतलं. आठवडाभर आम्ही टोफू आणि मुळा खाल्ला. सकाळी टोफू, संध्याकाळी मुळा, रविवारी दोन्ही. चिझुरू दातांच्या दवाखान्यात स्वागताला बसते. तिथे तिला डॉक्टरांनी मास्क काढू नका म्हणून सांगितलं.

रात्रभर तळमळून मला एक युक्ती सुचली. बाजारपेठेतली सर्वांत महाग वस्तू कूपनांवर घ्यायची आणि शहरात नेऊन रोखीत विकायची! सर्वांत महाग वस्तू कुठे? फुकात्सुबाईंकडे. त्यांचं दुकान देव्हाऱ्यांचं. पूर्वजांसाठी घरात ठेवतात ते, सोन्याचा वर्ख लावलेले.

मी सकाळी सकाळी तिथे पोचलो. डोळे लाल, दाढी वाढलेली.

"सगळ्यात महाग कुठला?" मी हळू आवाजात विचारलं.

बाईंनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "वडिलांसाठी का?"

विकायला घेतोय हे कसं सांगणार? मी नुसती मान डोलावली.

"अरे देवा. अचानकच म्हणायचं."

"हो, आज पहाटेच ठरलं."

"फार त्रास झाला का?"

"झाला ना! रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पण आता सुटलो एकदाचा."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाटलं, किती समजूतदार बाई आहे! "दोन लाख सत्तर हजारांचा आहे," त्या म्हणाल्या. "पण घाई नको करू. घरी जा. थोडं खाऊन घे."

संध्याकाळी दारावरची घंटा वाजली. ओनिझावा काळ्या सुटात उभे. मागे टोफूवाला, टोपीवाला, छत्रीवाला, सगळे काळ्यात. एकेकानं आत येऊन माझ्या हातात काळ्या-पांढऱ्या दोऱ्याचं पाकीट ठेवलं. श्रवणयंत्रवाल्यानं माझा खांदा दाबला आणि मोठ्यांदा म्हणाला, "धीर धर!"

"काय झालंय?" चिझुरू माझ्या कानात कुजबुजली.

"माहीत नाही. बहुतेक माझी दया आली असेल."

एवढ्यात फोन वाजला. अकिताहून वडील!

"हिदे," ते म्हणाले. ते निवृत्त बसचालक, आवाज अगदी शांत. "तार आलीय. मी गेल्याबद्दल तुमच्या बाजारपेठेला अतीव दुःख झालंय म्हणे."

"बाबा...!"

"माझी काही तक्रार नाही. फक्त कधी गेलो ते आधी कळवलं असतंस, तर मी आज केस कापायला गेलो नसतो. साडेतीन हजार घेतले."

मी फोन हातात धरूनच वळलो. खोलीत काळे कपडे घातलेली अठरा माणसं मान खाली घालून बसली होती, आणि माझे दिवंगत वडील फोनवर विचारत होते, "हॅलो? तुझ्याकडे गर्दी आहे का रे?" त्यांचा आवाज खणखणीत. श्रवणयंत्रवाल्यालासुद्धा ऐकू गेला!

चिझुरू हसू दाबायला न्हाणीघरात पळाली, आणि ते रडणं समजून टोफूवाल्याची बायको तिच्या मागे धावली.

ओनिझावा एवढंच म्हणाले, "म्हणजे आहेत? छान, छान." मग जरा थांबून, "तार महाग असते हो."

दुसऱ्या दिवशी मी ती सांत्वनाची पाकिटं परत करायला निघालो. (पाकिटांत काय होतं हे विचारू नका. कूपनंच होती!) माफी मागायची तर गोडाचा डबा न्यायला हवा. अठरा डबे. मिठाईचं दुकान नेमकं स्टेशनपाशी, बाजारपेठेच्या बाहेर. अठरा हजार येन, रोख! आमच्याकडचे शेवटचे.

फुकात्सुबाई मात्र रागावल्या नाहीत. त्यांनी डबा उघडला, मलाच एक मिठाई दिली आणि विचारलं, "खरं काय ते सांग. माझा देव्हारा तुला कशाला हवा होता?"

मी सगळं सांगितलं. भाडं, टोफू, मार्चची मुदत, छापखाना. सांगता सांगता मला रडूच आलं. चौतिसाव्या वर्षी देव्हाऱ्यांमध्ये बसून रडणं काही बरं दिसत नाही, पण तिथे निदान शोभून तरी जातं.

"वेड्या," त्या म्हणाल्या, "दर वीस तारखेला आम्ही दुकानदार कूपनं माझ्याकडे जमा करतो आणि मी रोख देते. फक्त सभासदांना. तू सभासद हो."

"कसा?"

"बाजारपेठेत दुकान घे. कोपऱ्यातला किल्लीवाला गेल्या वर्षी मुलाकडे गेला. दोन चटयांएवढी जागा आहे. महिना वीस हजार, सहा महिने आगाऊ. कूपनं चालतील."

कूपनं चालतील! हे शब्द ऐकल्यावर त्यांनी पुढे केलेला करारनामा मी वाचलाच नाही. दोनशे चाळीस कूपनं मोजली, शिक्का मारला. वीस तारखेला टोफू-मुळ्यातून उरलेली तीनशे सत्तर नेऊन दिली, आणि फुकात्सुबाईंनी एक लाख पंच्याऐंशी हजार येन, खऱ्याखुऱ्या नोटा, माझ्या हातावर ठेवले. मी धावत जाऊन भाडं भरलं. येताना गोमांसाचे दोन जाड तुकडे घेतले. त्या रात्री चिझुरूनं पहिला घास डोळे मिटून चावून चावून खाल्ला. मग म्हणाली, "बरं, मार्चचं राहू दे."

एवढ्यावर थांबलो असतो तर माझी फजिती झाली नसती. पण पंचवीस तारखेला सभासदांची बैठक होती.

"नवीन सभासदाचं स्वागत!" ओनिझावा म्हणाले. टाळ्या. "रिवाजाप्रमाणे नवीन सभासद हा प्रसिद्धीप्रमुख." टाळ्या. "शरद उत्सवाची एकोणीस भित्तिचित्रं तेच करतील."

मी उभा राहिलो. "आनंदानं! दर मी..."

"सभासदांनी एकमेकांचे पैसे घ्यायचे नाहीत," फुकात्सुबाई प्रेमानं म्हणाल्या. "तू शिक्का मारलास त्यातच आहे. कलम दोन."

तर आता मी कोपऱ्यातल्या दुकानात बसून सगळ्या बाजारपेठेची चित्रं फुकट काढतो. बाहेर 'चित्रशाळा' अशी पाटी लावली आहे. पण किल्लीवाल्याचं यंत्र जागेबरोबरच आलं होतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायकांना पाट्या वाचायची सवय नाही. त्या येतात, किल्ली ठेवतात, "अर्ध्या तासानं येते," म्हणून जातात. सुरुवातीला मी समजावून सांगायचो. मग किल्ल्या करायला शिकलो.

परवा करखात्यात वर्षाचा हिशेब द्यायला गेलो. खिडकीमागच्या कारकुनानं माझी वही चाळली. "व्यवसाय चित्रकार लिहिलाय. शेवटच्या चार महिन्यांत चित्रांचं उत्पन्न शून्य. किल्ल्यांचं एक लाख बहात्तर हजार." त्यानं विनम्रपणे 'चित्रकार' खोडलं. मग इकडे तिकडे पाहून खिशातून एक छोटी किल्ली काढली. "सायकलची आहे. कितीला होईल?"

"सहाशे येन. रोख!" मी ठणकावून म्हणालो.

तो पाकीट काढायला लागला. काही बोलला नाही. त्याचं ते गप्प राहणं मला बघवेना हो.

"बरं, चारशे द्या," मी म्हणालो.