पठारावरील बोर्डिंग आवडाबाईंनीं राखिलें त्याची हकीकत

श्रीगजाननाचें स्मरण करून, जाणत्यांनीं ऐकावें, उणें तें पोटांत घालावें. शके १८५२ प्रमोदनाम संवत्सरीं, पौष मासीं, एका राज्याच्या घाटमाथ्यावरील पठारीं जें वर्तमान जालें तें येणेंप्रमाणें. तेथें मार्था मडमेनें पंचावन्न वर्षांपूर्वीं विलायती तऱ्हेचें बोर्डिंग बांधविलें होतें. मजले दोन, वर माळा. छप्पर ऐसें उभट कीं पावसाचा थेंब ठरूं न पावे. वळचणीस लाकडी जाळीची झालर. खिडक्या भिंतींतून पुढें आलेल्या, तावदानांत तांबडी-निळी कांच, आंत बसावयास बांक. धुरांडीं सहा आणि मधोमध तळापासून माळ्यापर्यंत गोल जिना. काम बाळोजी सुताराचें, देखणें आणि नेटकें. आधीं हवा खावयास आलेले गोरे तेथें उतरत, आणि मग त्यांनीं दुसऱ्या थंड ठिकाणाची वाट धरिली तेव्हां मडमेनें शाळेंत शिकणाऱ्या परगांवच्या मुली ठेविल्या, आणि मरतेसमयीं घर बाळोजीची लेक, तेथेंच कामास असलेली आवडाबाई, हिचे हवालीं केलें. बाई विधवा, साठी उलटलेली, बोलणें करडें. परंतु नवी मुलगी घरच्या आठवणीनें जेवेना तर स्वतः घांस भरवीत.

मग पौष वद्य द्वितीयेस, माध्यान्हीं मुली पानावर बसल्या असतां, धरणीकंप जाला. दोन धुरांडीं अंगणांत कोसळलीं, गिलावा गळाला, घर करकरलें आणि डोललें, परंतु एकीसही खरचटलें नाहीं. पठारावरील दगडी घरें मात्र बहुत पडलीं आणि माणसें थंडींत उघड्यावर आलीं. तिसरे दिवशीं राज्याचे इंजिनेर त्र्यंबकराव बेडेकर आले आणि भिंतीस वरपासून खालपर्यंत चीर पाहोन म्हणाले, "बाई, मुलींस आपापल्या गांवीं धाडा. हें घर उतरवावें लागेल." एकदां गांवीं गेल्या कीं निम्म्या मुलींचीं लग्नें उरकतील आणि पाटी कायमची सुटेल, हें आवडाबाई पुरतें जाणून होत्या. तरी आवाज न चढवितां बोलिल्या, "रावसाहेब, भिंत तडकली खरी. पण घर भिंतीवर उभें नाहीं. एकदां पाहून घ्या."

"पाहिलें तें पुरे आहे."

"तें बाहेरून पाहिलेंत."

आणि बाईंनीं विळा घेऊन चिरेजवळचा गिलावा खरवडिला, तों आंत सागवानी खांब अखंड. मग माळ्यावर नेऊन तुळयांचे सांधे दाखविले. सर्व लाकडी खुंट्यांनीं जोडिलेले, लोखंडी खिळा औषधास नाहीं. बाई म्हणाल्या, "खिळ्यानें लाकूड फाटतें. खुंटी हलते आणि परत बसते. बाबा म्हणत, घरास थोडें हलूं द्यावें." मग बेडेकरांनीं ओळंबा मागविला आणि जिन्याजवळील खांबाच्या माथ्यापासून तळापर्यंत दोरी सोडिली. दोरी झुलत होती तोंवर बाई कठडा धरून उभ्या राहिल्या. बाप जाऊन वीस वर्षें जालीं होतीं आणि आज त्याची परीक्षा होती. दोरी स्थिरावली. खांब सुतभरही कलला नव्हता. चारी कोपऱ्यांस तेंच आढळलें.

बेडेकर जिन्याच्या पायरीवर बसले. मग म्हणाले, "माझा बंगला परवां पडला, बाई. मींच बांधिला होता."

"आणि घरचीं माणसें?"

"वांचलीं. मैदानांत आहेत. बायको आणि दोन मुली."

"मग उठा. त्यांना घेऊन या. पूर्वेकडच्या खोलींत ऊन चांगलें येतें."

तेव्हां बेडेकरांनीं तेथेंच कागद लिहिला कीं घर मजबूत, उरलीं धुरांडीं तेवढीं उतरवावीं, आणि बेघर रयतेस येथें आसरा द्यावा. चैत्रापर्यंत ऐंशी माणसें त्या छपराखालीं राहिलीं, मुलींनीं आपल्या खोल्या देऊन माळ्यावर अंथरुणें घातलीं, आणि एकही मुलगी शाळा सोडून गेली नाहीं.

तात्पर्य, बाळोजीनें घर बांधिलें आणि लेकीनें तें समजून घेतलें. बेडेकरांनीं पुढें पठारावर जीं घरें उभारिलीं, त्यांचे नकाशे आधीं आवडाबाईंस दाखविले. इति.