हाडवाल्यांची स्वच्छता

"पेशींना रविवार कळत नाही. त्यांना खाऊ घालायचा नेम मोडू नकोस."

गुरूंचे शब्द कानात घुमत होते आणि नाकाला धार लागली होती. शास्त्रज्ञबाईंना सर्दी झाली होती.

"रोगाशी लढणाऱ्या पेशी वाढवतेस ना? दोन-चार घरी आणायच्या होत्यास," वाफेचं भांडं पुढे ठेवत सासूबाई म्हणाल्या.

बाईंचा जीव वाफेत कुठला! चार दिवसांवर तज्ज्ञ पाहुणे यायचे होते. त्यांना पेशी पसंत पडल्या तरच संशोधन पुढे चालणार होतं.

बाई तशाच प्रयोगशाळेत गेल्या. दारावर पाटी होती : 'सर्दी असणाऱ्यांनी आत पाऊल टाकू नये.' पाटी बाईंनीच लावलेली. उंबऱ्याबाहेर येरझाऱ्या घालताना शेजारच्या खोलीतले हाडवाले दिसले. हाडांच्या पेशी वाढवतात, म्हणून हे नाव.

"एवढा एक दिवस माझ्या लेकरांना खाऊ घाला हो. तुमच्यावर वेळ आली तर मी घालीन, शब्द देते," बाई म्हणाल्या आणि त्यांच्या तोंडावरच शिंकल्या.

"ताई, निर्धास्त घरी जा!"

दुसऱ्या दिवशी सकाळी हाडवाल्यांचा फोन आला. "वरचं गढूळ पाणी पार काढून टाकलं बघा. आता कसं आरशासारखं लख्ख!"

हाडांच्या पेशी तळाला चिकटून असतात, खाऊ घालताना वरचं जुनं पाणी खुशाल फेकावं आणि नवं घालावं. बाईंच्या मूळ पेशीही तळालाच असत. पण त्यांनी जन्माला घातलेल्या लढवय्या पेशी वर तरंगत.

"अहो, तो गढूळपणाच माझं पीक होतं!"

"अरे देवा! मी तर तो जंतुनाशकात ओतला."

तळातल्या आया शाबूत होत्या, पण नवी लेकरं व्हायला आठवडा हवा. बाई धावत विभागाच्या मोठ्या साहेबांकडे गेल्या. रडल्या, शिंकल्या, पुन्हा रडल्या.

"तारीख बदलणार नाही," साहेब गरजले.

दोन दिवसांनी साहेबांचा घसाच बसला. पाहुण्यांपुढे बोलणार कोण? भेट दहा दिवस पुढे गेली. रोगप्रतिकाराचा विभाग सर्दीनं झोपला आणि बाईंचं संशोधन वाचलं.

बाई बऱ्या झाल्या, त्या दिवशी हाडवाल्यांचा फोन आला. आवाज पार चोंदलेला. "ताई... माझी हाडं उपाशी आहेत."

बाईंनी पिशवी उचलली.

"आता कुठं? तुझ्या लेकरांना तर सकाळीच खाऊ घातलंस ना?" सासूबाईंनी विचारलं. "सूड उगवायला निघालीस की काय?"

"नाही हो. गढूळ पाणी काढायला."

चपला सरकवून बाईंनी दार हलकेच ओढून घेतलं.