गजभिये काकांची क्लचप्लेट

आमच्या सेक्टरमध्ये एका लहानशा पांढऱ्या मोटारीच्या बॉनेटवर अधूनमधून लाल पाटी लटकते : ‘मशीन बंद आहे. माणसे काम करीत आहेत.’ प्रत्यक्षात माणूस एकच, आणि तोही लुंगी नेसून अंगणात खुर्चीवर चहा पीत असतो. हे आमचे शेजारी गजभिये काका. गाडीचं जुनं तेल निथळत असतं आणि काका त्याच्यावर नजर ठेवून असतात. त्यांच्या भाषेत गाडी ‘शटडाऊन’वर असते.

भंडाऱ्याकडून भिलाईला आलेल्या या गृहस्थांनी अख्खी नोकरी स्टील प्लांटच्या मेंटेनन्समध्ये काढली. रिटायर झाल्यावर लोक नातवंडं खेळवतात. काकांनी प्लांटच घरी आणला. गाडीला साधा पाना लावायचा तरी आधी परमिट निघतं, जुन्या वहीत. मेंटेनन्स विभाग म्हणून काका सही करतात आणि गाडी ताब्यात देणारा ऑपरेशन विभाग म्हणून काकू. काम संपलं की काकूंनी पुन्हा सही करून गाडी परत घ्यायची. तोवर चावी फिरणार नाही म्हणजे नाही. काकू पोळ्या लाटता लाटता सही करतात, त्यामुळे त्या वहीला कायम कणीक चिकटलेली असते.

एकदा मला पावर हाउस स्टेशनवरून नागपूरची गाडी पकडायची होती आणि ऑटो काही मिळेना. काकांची मोटार धुऊनपुसून समोर उभी. मी हात जोडले. पण काकू कुणाच्या तरी नामकरणाला मोहन नगरला गेलेल्या, म्हणजे सही नाही.

“काका, प्लग तर बदलून झाला ना?”

“झाला. पन परमिट बंद झालं का? नाई झालं. मंग गाडी कागदावर खुल्ली हाये, गा. खुल्ल्या मशीनवर मानूस बसवू का मी?”

शेवटी त्यांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून नेलं आणि वाटभर हा नियम किती बरोबर आहे ते धापा टाकत समजावलं. ट्रेन अर्थातच चुकली. पण पुढची येईपर्यंत काका माझ्याशेजारी बाकावर बसून राहिले, आणि दोनदा समोसे त्यांनीच आणले.

काकांचा खरा वैरी म्हणजे क्लचवर पाय ठेवून गाडी हाकणारा माणूस. तो त्यांना वासावरून कळतो. बोलता बोलता थांबतात, नाक वर करतात आणि थेट रस्त्यावर धावतात. “पाय काढ, बाप्पा, पाय काढ! क्लच हाये तो, पायदान नोहे!” एका लग्नात त्यांनी वरात अडवून ड्रायव्हरची शिकवणी घेतली होती. बँड थांबला, घोळका जमला, नवरदेवही खाली उतरून ऐकत होता.

म्हणून यंदा काकांच्याच गाडीचा नवा क्लच आठ महिन्यांत गेला, तेव्हा मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या. टायमिंग बेल्टचीही मुदत भरत आली होती. हा बेल्ट म्हणजे इंजिनातला रबरी पट्टा. चालत्या गाडीत तुटला तर इंजिनाची पार वाट लागते, म्हणून काका तो धडधाकट असतानाच बदलतात. दोन्ही कामं एकदम उरकायची ठरली. साहू मिस्त्रीच्या गॅरेजपर्यंत गाडी त्यांनी मला चालवायला सांगितली. जन्मात कुणाला स्टेअरिंग धरू न देणाऱ्या माणसाने! त्यांच्या धाकाने मी सगळा रस्ता दुसऱ्याच गिअरमध्ये काढला.

साहूने गिअरबॉक्स उतरवून क्लचप्लेट बाहेर काढली. काळीनिळी पडलेली, पार घासलेली.

“काका, ये तो किसी ने पैर रख-रख के जलाया है.”

मी काकांकडे पाहिलं. अशी संधी पुन्हा येणार नव्हती.

“माल डुप्लिकेट होता,” काका भिंतीकडे बघत म्हणाले.

काका चक्क खोटं बोलले होते. मी टोमणा जुळवत होतो, तेवढ्यात बेल्टची वेळ झाली. नवा पट्टा चढवताना इंजिनातल्या दोन दातेरी चाकांवरच्या बारीक खुणा नेमक्या जुळाव्या लागतात आणि त्या तपासायचं काम काका कधीच मिस्त्रीवर सोडत नाहीत. ते वाकले. बराच वेळ मान इकडेतिकडे करून पाहत राहिले. मग त्यांनी मला हाक मारली.

“तू पाह्य बरं. निशान बराबर जुयला का?”

जुळला होता. साहू चहा सांगायला गेला, तेव्हा काका हळू आवाजात बोलले. “मले बाजूचं दिसून नाई राहिलं, गा. काचबिंदू हाये म्हन्ते डॉक्टर. गेलं ते वापस येत नाई, हाये तेवढं टिकवाचं. दोन महिने झाले, गाडी सोडली मी. तुह्या काकूले शिकवून राहिलो. प्लेट तिनंच जाळली.”

“काकूंना डोळ्यांचं ठाऊक आहे?”

“नाई. सोमवारी तिची लायसनची टेस्ट हाये. आदी पास होऊ दे. तिले आताच सांगतलं तं घाबरन, स्टेअरिंग सोडून देईन. मंग मी बी घरात आन् तुही काकू बी घरात.”

मला फार वाईट वाटलं आणि त्याहून जास्त स्वतःची लाज वाटली.

रविवारी सकाळी मी मुद्दाम काकूंचा सराव पाहायला मैदानावर गेलो. नवा क्लच, नवा बेल्ट आणि स्टेअरिंगवर काकू. गाडी बेडकासारख्या उड्या मारत होती, जळका वास माझ्यापर्यंत येत होता. मी काकांच्या स्फोटाची वाट पाहत उभा राहिलो.

“बेस,” काका म्हणाले. “आनखी एक बार.”

काकू खिडकीतून मला म्हणाल्या, “पाह्यलं का, हे साऱ्या भिलाईवर वरडते, मले काई म्हनत नाई!” आणि खदखदून हसल्या.

सोमवारी काकू पास झाल्या. “घरी गेल्यावर सांगतो तिले,” काका माझ्या कानात पुटपुटले आणि डावीकडच्या सीटवर बसले. मी मागे. पावर हाउसच्या बाजारात ही गर्दी! काकूंनी दोनदा गाडी बंद पाडली आणि हॉर्न वाजवणाऱ्या ऑटोवाल्याला हातानेच गप्प केलं. काकांचं तिकडे लक्षच नव्हतं. काच खाली करून, मान पार वळवून ते एकेक दुकान, एकेक ठेला पाहत होते.

“अवो, समोर पाहा ना! तिकडं काय पाहून राहिले?” काकू ओरडल्या.

“समोरचं तूच पाह्य आता,” काका म्हणाले. “मी एवढे साल नुसता रस्ताच पाह्यला. जराक बजार पाहू दे.”