रव्याचा बार

कुमुदिनीच्या डब्यातला रवा कुठे जातो, हे अंबरनाथच्या त्या क्वार्टरमध्ये एकट्या हेमचंद्र टिपणीसला ठाऊक होतं, आणि तो मरेपर्यंत सांगणार नव्हता. दिवसभर तो कारखान्यात नकाशे काढी. संध्याकाळी मात्र त्याला स्वतःचं काडतूस बनवायचं वेड लागलं होतं. बाजारातलं काडतूस काय, कोणीही उडवील. एका जातीच्या पितळी पुंगळीला दुसऱ्या जातीची गोळी बसवून जगात कोणाकडे नसेल असं काडतूस करायचं, यात खरी मर्दुमकी, असं त्याचं म्हणणं. हे खूळ एका विलायती मासिकातून आलं होतं. पुंगळीला नवा आकार यायचा तर आधी गोळीऐवजी रवा भरून एकदा बार काढावा, असंही त्याच मासिकात लिहिलेलं होतं. विलायतेत रवा रेशनवर नसावा.

इथे होता. त्याच्या बायकोने, कुमुदिनीने, शेजारच्या निर्वासितांच्या कॅम्प पाचमधल्या दुकानदाराची महिनाभर मनधरणी करून तो मिळवला होता, आणि तोही हेमचंद्राच्या धाकट्या बहिणीला, मालिनीला, बघायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी. आधी दोन स्थळं फिरली होती. वडील नव्हते, म्हणून मालिनीच्या लग्नाचा भार हेमचंद्रावरच होता. बदलापूरच्या चौबळांचा मधू त्याला मनापासून आवडला होता. हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं नाही, असं त्याने पक्कं ठरवलं होतं.

मधूचे वडील गुरुदत्तराव शिकारीचे शौकीन निघाले. "मुलगी अकराला बघू. त्याआधी तुमचं ते काडतूस बघू," असा त्यांनी निरोप धाडला. चिखलोलीच्या हिरामणच्या रताळ्यांची एका डुकराने धूळधाण केली होती. रविवारी उजाडताच दोघे त्याच्या बांधाआड जाऊन बसले.

"डुक्कर पाडलं की घरी साजूक तुपातला शिरा तयार आहे," हेमचंद्र कुजबुजला.

गुरुदत्तरावांनी समाधानाने मिशांवरून हात फिरवला. त्या मिशांना ते रोज सकाळी तूप लावीत.

आपला वास जनावराला लागू नये म्हणून दोघे वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. शिकारीच्या शास्त्राप्रमाणे ते अगदी बरोबर होतं. हिरामणच्या माणसांचा हाका उठला, डुक्कर रताळ्यांचे वेल तुडवत आलं आणि दहा पावलांवर थबकलं. हेमचंद्राने चाप ओढला.

बार मोठा झाला आणि समोरचं सगळं पांढरं झालं. आदल्या संध्याकाळी तो टेकडीमागे रव्याचे बार काढत असताना मालिनी जेवायला बोलवायला आली होती, आणि त्या गडबडीत शेवटचं काडतूस बंदुकीतच राहून गेलं होतं. पांढरं झालेलं डुक्कर क्षणभर उभं राहिलं, त्याने नाक चाटून पाहिलं आणि मग ते पळालं. उरलेला रवा वाऱ्याने इमानेइतबारे परत आणून गुरुदत्तरावांच्या तोंडावर टाकला.

हिरामण धावत आला. "सायेब, बांगडा रव्यात घोलतान तसा डुकराला घोललाव काय? आता त्याला तलाचा कोनी?"

"हे तुमचं काडतूस?" गुरुदत्तराव डोळे चोळत म्हणाले.

"अजून प्रयोग चालू आहेत," हेमचंद्र म्हणाला. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

अंबरनाथपर्यंत गुरुदत्तराव दोन पावलं पुढेच चालत राहिले. मधू आणि त्याची आई पद्मजाबाई बदलापूरहून परस्पर येऊन बाहेरच्या खोलीत बसलेच होते. त्यामुळे तोंड धुवायलाही सवड मिळाली नाही. गुरुदत्तरावांनी पंच्याने चेहरा पुसला आणि खुर्चीत बसले. चेहरा निघाला, मिशा निघाल्या नाहीत.

आतल्या दारात कुमुदिनीने नवऱ्याच्या कॉलरवरून चिमूटभर काहीतरी उचललं आणि बोटांत चोळलं.

"बारीक आहे," ती शांतपणे म्हणाली. "माझाच."

"अगं, मी तुला सांगणारच होतो."

"पाहुणे जाऊ देत. मग सांगा."

मालिनीने पोहे आणले. गुरुदत्तरावांनी बशीकडे पाहिलं, मग हेमचंद्राकडे पाहिलं. सकाळपासूनचा सगळा राग त्या पोह्यांवर आला.

"आम्हाला शिरा आहे असं सांगितलं होतं. का गं मुली, शिरा येत नाही वाटतं तुला?"

मालिनीने मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं.

"येतो की," ती म्हणाली. "पण रवा आणि तूप दोन्ही तुमच्या मिशांना आहे. आमच्याकडे नुसती साखर उरलीय."

तिसरं स्थळही गेलं आणि आपल्यापायी गेलं, या विचाराने हेमचंद्राने डोळे मिटून घेतले. बहिणीचं वाटोळं करायला एक काडतूस पुरलं होतं.

तेवढ्यात कोणीतरी हसलं. मधू होता. हसता हसता त्याला ठसका लागला आणि पद्मजाबाई त्याच्या पाठीवर थोपटू लागल्या.

"बाबा, मला मुलगी पसंत आहे," तो म्हणाला. "आपल्या घरात असं बोलणारं कोणीतरी हवंच होतं."

"मलाही पसंत आहे," पद्मजाबाई म्हणाल्या. नवऱ्याला न विचारता त्या बहुधा पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात, कारण बोलून झाल्यावर त्या स्वतःच दचकल्या.

गुरुदत्तरावांनी बायकोकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं. मग ते दोन्ही हातांनी मिशा झटकू लागले, आणि कुमुदिनीने सवयीने खाली ताटली धरली.