बंधारा बदलण्याजोगा असल्याबाबत

कोणतीही जुनी वस्तू बदलण्यापूर्वी ती पुरेशी वाईट झाल्याचं सिद्ध व्हावं लागतं. शासनाने हे तत्त्व पाळलं नसतं, तर वाटेल तिथे नवे बंधारे उभे राहिले असते आणि लोकांना पाण्याची चटक लागली असती.

पनवेलजवळच्या एका बंधाऱ्याला एक्क्याण्णव साली साठ वर्षं पुरी झाली होती, आणि मधोमध चांगलं डोकं आत जाईल एवढं भगदाड पडलं होतं. काठावर आदिवासींची बावीस घरांची वाडी. बंधाऱ्यामागे साठलेलं पाणी हेच त्यांचं मे महिन्यापर्यंतचं पिण्याचं पाणी.

शाखा अभियंता कमलाकर हा मनाने सरळ माणूस. (खात्यात हा दोष लवकर बरा होतो, याचा झाला नव्हता.) त्याने नवा बंधारा सुचवला. नियम सोपा होता: गळती चाळीस टक्क्यांवर असेल तर बंधारा 'धोकादायक', म्हणजे बदलण्याजोगा. दहाच्या खाली असेल तर 'समाधानकारक'.

तपासणी पथक तीनदा आलं. तिन्ही वेळा गळती शून्य. कारण एरवीही पाणी टिकावं म्हणून भोक बुजवणारी वाडीतली गुणाबाई, साहेब येणार असं कळलं की चार बायका घेऊन नदीत उतरायची आणि पाहुण्यांसाठी अंगण सारवावं तसं, चिखल-पेंढा कोंबून भगदाड लिंपून टाकायची. वर हळदकुंकूही वाहायची. पथकाने शेरा मारला: 'बांधकाम समाधानकारक व पूजनीय.'

कमलाकरने कपाळावर हात मारून घेतला. "अहो गुणाबाई, काय केलंत हे! यंदा बुजवू नका. गळला तरच नवा मिळेल."

"नाय बुजवला तं पोरांना पाजू काय?"

"एका वर्षाचा प्रश्न आहे. शब्द देतो."

"तुमी सांगता तं नाय बुजवत."

मग गळती वाढू लागली. कमलाकर दर आठवड्याला मोजायचा आणि खूश व्हायचा. जूनमध्ये एक्केचाळीस टक्के भरली! पण पथकाची जीप मोठ्या साहेबांच्या मुलीच्या लग्नात गुंतली होती, आणि जुलैच्या पुराने बंधाराच नेला. डिसेंबरात पथक आलं. अहवाल: 'बंधारा आढळून आला नाही. गळती निरंक. सबब बदलण्याचा प्रश्न उद्भवत नाही.'

फेब्रुवारीत नदी आटली. गुणाबाई हंडा घेऊन शेजारच्या विचुंबे गावात नव्या इमारतींच्या बांधकामावर पाणी मागायला जाऊ लागली. कमलाकर वाटेत भेटला, तर रागावलीसुद्धा नाही. "नवा कदी येतो, साहेब?" एवढंच विचारलं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

एकच वाट उरली होती. बंधारा नोंदवहीतून वगळण्याआधी वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते. तीस दिवसांत एक जरी लेखी हरकत आली, तर नव्याचा विचार करणं खात्याला भाग असतं. सरकारी नोकराची हरकत चालत नाही. गुणाबाईने अंगठा लावून आगाऊ पाठवलेली हरकत 'मजकूर वाचल्याचा पुरावा नाही' म्हणून परत आली. तेव्हा कमलाकरने सूचना मुद्दाम कोणालाही कळेल अशा मराठीत लिहिली. (याबद्दल त्याला 'कारणे दाखवा' मिळाली.) ती पान चारवर, राशिभविष्याला खेटून छापून आली आणि नवीन पनवेलच्या घराघरांत पोचली.

तीस दिवस तो टपालवाल्याच्या वाटेकडे डोळे लावून बसला. एकही पोस्टकार्ड आलं नाही. फाईल बंद झाली. शेवटचा शेरा आहे: 'सुजाण नागरिकांची हरकत नाही.'

वाचकहो, त्या दिवशी पान चार तुम्हीही उघडलं होतं. आपली रास वाचून घडी घातलीत.